गुंजभर प्रोटॉन

आष्ट्याच्या पेठेत बाळगोंडाअण्णा सराफांनी जन्मभर सोनं तोललं. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणंही आटलं. जीभ सुटेल, पण बोलतं करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायको चंदनबाला आणि लेक भाग्यश्री यांनी जंग जंग पछाडलं. अण्णा फार तर मान हलवत.

भाग्यश्री सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. त्या रविवारी घरी आली आणि अण्णांच्या खाटेशी बसून विद्यार्थ्यांसाठी गणितं काढू लागली. जुन्या वजनांत प्रोटॉन किती बसतील, असं काहीतरी तिला सुचलं.

"मासा म्हंजे किती गुंजा वो, अण्णा?" तिनं सहज विचारलं.

"आठ."

तिचं पेन थांबलं. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होता.

"आन् तोळा?"

"बारा... मासं." दम खाऊन अण्णांनीच विचारलं, "काय तोलतीस?"

"गुंजभर प्रोटॉन. अणूच्या पोटातला कण असतोय."

"दिसतोय व्हय?"

"न्हाई."

"मग तोलतीस कशी?"

तिनं सांगितलं, कण जोरात पळवायचा आणि वाटेत लोहचुंबक ठेवायचं. हलका कण जास्त वळतो, जड कमी. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग तिनं खाटेवरच्या वर्तमानपत्राच्या कडेला उत्तर लिहिलं. सात, आणि पुढं बावीस शून्यं. कडेला जागा पुरेना, शून्यं बातम्यांवर चढली. अण्णांनी डाव्या हाताचं बोट त्यांच्यावरून हळूहळू फिरवलं.

"येका गुंजंत येवढं?"

"व्हय."

"आन् आमी... गुंज लय बारीक म्हणत हुतो."

ते अर्ध्या तोंडानं हसले. भाग्यश्रीला पुढचा आकडा दिसेना.

"ह्याच्याहून हलकं?" अण्णांनी विचारलं.

"इलेक्ट्रॉन. एका प्रोटॉनला अठराशेच्या वर लागतील."

अण्णांनी कौतुकानं मान डोलावली आणि एकाएकी स्वयंपाकघराकडं तोंड वळवलं.

"आगं ये!"

चंदनबाला पिठाच्या हातांनी धावत आली. "काय वो?"

"हिला... जेवाय वाढ. लय डोस्कं चालवतीया."

चंदनबाला उंबऱ्यातच बसली. पिठाचा हात तोंडावर धरून तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"परत हाक मारा की," ती म्हणाली.