आईचा खरा वेग

माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा चेहरा मला फोटोतून ठाऊक आहे आणि आवाज एका तबकडीतून. बशीएवढी छोटी तबकडी. काळाचौकीच्या आमच्या चाळीत आईची भीमगीतांची गायन पार्टी होती, 'राधाबाई आणि पार्टी', आणि ढोलकीवर नाना, म्हणजे माझे वडील. त्या पार्टीची एवढी एकच तबकडी निघाली.

गाण्यात एक आई मुलीला शाळेत धाडते. 'पाटी घे गं माझे बाई, पेन्सिल घे.' चाल अगदी संथ, एकेक शब्द ओढत नेल्यासारखी, आणि आवाज इतका खर्जातला की नवा माणूस विचारायचा, "कोण बुवा गातायत?" आम्ही सांगायचो, रेकॉर्डवर आवाज जाडच येतो. शेवटी तर आई हुंदका देते. तो हुंदका आख्ख्या चाळीला पाठ होता.

चौदा एप्रिलला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात तीस वर्षं हे गाणं मीच गायले. तबकडीत आहे तस्सं, हुंदक्यासकट. बायका रुमाल घेऊनच बसायच्या. उगाच नम्रता कशाला, मी फार चांगलं गायचे. पण यंदा घसा बसला तो उठेना. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राला सूज आहे. आवाज जबरदस्तीनं खाली ओढून गाता का हो?" मी म्हटलं, "आमच्या घराण्यात असाच आवाज आहे." त्यांनी माझं गाणंच बंद केलं.

मग विकासची, माझ्या भावाची, मुलगी प्रिती पुढे आली. एकोणीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "आत्या, मी गाते." मी दोन आठवडे तिच्याकडून तालीम करून घेतली. पोरीचा आवाज आपला वरच्या वर. मी म्हणायचे, खाली ये, अजून खाली. ती इतकी खाली आली की तोंड हलायचं आणि आवाजच येईना. माझा स्वभाव काही गोड नाही. कोरसच्या सगळ्या बायकांसमोर मी सांगून टाकलं, "तुला नाही झेपायचं. यंदा गाणं राहू दे."

"राहू दे म्हणजे? यंदा आजीचं गाणंच नाही?"

"चुकीचं म्हणण्यापेक्षा नको."

तिचे डोळे भरले. "ती माझी पण आजी आहे ना? मला एकदा नीट ऐकू तरी दे. मग नाहीच जमलं तर कोरसमधूनही नाव काढ माझं."

नीट ऐकवणार कुठून? आमचा प्लेअर दिवाळीपासून फिरत नव्हता. नानांनी एकोणऐंशी साली चोरबाजारातून आणलेला. त्याचा वेगाचा खटका पहिल्या दिवसापासून अडकलेला, पण घरातल्या दोन मोठ्या तबकड्या झकास वाजायच्या, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. प्रितीनं मोबाईलवर शोधून गिरगावातले एक वीरेंद्र म्हणून गृहस्थ काढले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, हौसेनं जुने प्लेअर दुरुस्त करतात. प्लेअर त्यांच्याकडे टाकला आणि रविवारी आम्ही दोघी तो आणायला गेलो.

"ग्रीस वाळून डिंक झाला होता हो नुसता," ते म्हणाले. "आता खटकाही फिरतोय. बघू तुमची तबकडी?" त्यांनी ती उजेडात धरली. लेबलवर एका कडेला ४५ छापलेलं होतं. मी जन्मभर तो तबकडीचा नंबर समजत आले होते. त्यांनी खटका सरकवला आणि सुई ठेवली.

आणि एक पोरगेली बाई तडतड गायला लागली. उंच, मोकळा, खणखणीत आवाज. ढोलकी तर सुसाट. शाळेची घंटा होत आलीये, पोरगी रेंगाळतेय आणि आई तिला हाताला धरून पळवतेय. पाटी घे, पेन्सिल घे, चल गं बाई! शेवटी जिथे हुंदका असतो, तिथे ती फिस्सकन हसली. गाता गाता हसू आवरलं नाही म्हणून हसतात, तशी.

प्रिती माझ्याकडे बघत होती. तो आवाज तिच्या आवाजाच्या जवळपासचा होता.

माझं डोकं फिरलं. "ही माझी आई नाही," मी म्हटलं. "तुमच्या मशीनमध्ये गडबड आहे."

"ताई, ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी आहे. तुमच्याकडे ती तेहेतीसवर वाजत होती," ते शांतपणे म्हणाले. "पाऊणपटीहून कमी वेगानं."

मी प्लेअर उचलला आणि टॅक्सी केली. घरापर्यंत प्रितीकडे पाठ करून बाहेर बघत बसले. राग तिचा नव्हता. ज्या आवाजाच्या कुशीत मी मोठी झाले, तो आवाज एका अडकलेल्या खटक्याचा होता हे मला सोसत नव्हतं. मनातून मी ठरवलं होतं, नानांना विचारायचं. ते नाही म्हणाले की विषय संपला आणि गाणंही संपलं.

नाना ब्याऐंशीचे आहेत. मिलच्या साचेखात्यात मागांवर वीस वर्षं काढली, प्लेअर घरात आला तोवर त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते आणि आईबरोबर गाणारी माणसं चाळ सोडून गेली होती. तबकडी लावली की ते उठून गॅलरीत जायचे. आम्हाला वाटायचं, आईची आठवण सोसवत नाही. खरं तर ती समोर गात असायची आणि यांना काही ऐकू यायचं नाही, ते सोसवायचं नाही. हे मला त्या दिवशी कळलं. ते उठायला लागले तशी मी त्यांना धरून बसवलं आणि थरथर जाणवावी म्हणून त्यांचा हात प्लेअरच्या लाकडी खोक्यावर, स्पीकरच्या जाळीपाशी दाबून धरला. आधी जुन्या वेगानं लावली. नानांनी मान हलवली. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं.

मग मी खटका सरकवला.

आधी त्यांचं मधलं बोट हललं. मग दुसरा हातही खोक्यावर आला आणि दहाही बोटं ठेका धरून नाचायला लागली, तबकडीतल्या ढोलकीबरोबर अचूक. सम चुकली नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी ते वाजवत होते.

"अशीच पळायची राधा," ते मोठ्यानं म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतकं. "मी मागनं वरडायचो, थांब गं, हात तुटतील माजे!"

मी आणि प्रिती, दोघी रडायला लागलो. नाना मात्र हसत होते.

तबकडी तीनदा वाजवून झाल्यावर मी प्रितीला म्हटलं, "चौदा तारखेला तू गाणार."

"आणि तू?"

"मी मागे कोरसमध्ये. डॉक्टरांना सांगू नको."

चौदा एप्रिलला संध्याकाळी पटांगण भरलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईकपाशी गेले आणि सांगून टाकलं, "जय भीम. तीस वर्षं मी तुम्हाला हे गाणं चुकीचं ऐकवलं. त्या गाण्यात कुणी रडत नाही. आमचा प्लेअर बिघडलेला होता. खरं गाणं आता माझी भाची म्हणेल." एवढं बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. थोडी कुजबुज झाली, मागून कुणी तरी हसलंही. मी जाऊन मागच्या रांगेत उभी राहिले.

प्रितीनं सूर लावला आणि गाणं सुटलं. पहिलं कडवं संपायच्या आत समोरच्या बायका टाळ्यांवर आल्या. नाना पहिल्या रांगेत खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते.

माझं सगळं लक्ष एका हिशेबात अडकलं होतं. तबकडी निघाली तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती. त्या जड आवाजामुळे मी तिला कायम म्हातारी, थकलेली समजत आले होते. इतकी वर्षं मी तिची कीव करत होते. आणि ती तर ही अशी, माझ्या निम्म्या वयाची, तरतरीत, हाताला धरून मला ओढत नेणारी.

दुसऱ्या कडव्याला मला दम लागला. शब्द मागे पडायला लागले. पण मी थांबले नाही, आईच्या मागे पळत राहिले.