लोरेन्झची घंटा

आमच्या चर्चची घंटा मुळात फ्रेंचांची तोफ होती. माझे सासरे तरुणपणी फ्रेंचांविरुद्धची लढाई जिंकून आले, जर्मनी एक झाली, आणि लुटीतल्या तोफांचं कांसं सम्राटाने गावोगावी घंटांसाठी वाटलं. त्याआधी आम्ही हानोफरच्या राजाची प्रजा होतो, मग प्रशियाची झालो, मग अख्ख्या जर्मनीची. आमच्या ताटातले बटाटे मात्र बदलले नाहीत. मी असं म्हटलं की सासरे डोळे वटारायचे. पुढे घंटेचा दोर त्यांच्याकडून माझ्या नवऱ्याकडे आला, आणि फ्रेंचांशी पुन्हा युद्ध पेटून तो आघाडीवर गेल्यावर माझ्याकडे.

गावातला माणूस गेला की घंटा वाजते. प्रेत परमुलखात पुरलेलं असलं तरी चालतं. घंटा झाली म्हणजे माणूस गेला. मग त्याची ताटली टेबलावरून उचलायची आणि कपडे गरजवंताला द्यायचे. या युद्धात मी इतक्यांदा दोर ओढला की हाताला घट्टे पडले आणि रडू यायचंच बंद झालं. खोटं कशाला बोलू, दोर ओढताना माझ्या डोक्यात सलगम असायचे. त्या हिवाळ्यात दुसरं खायला नव्हतंच.

मग हुकूम आला, तोफांना धातू कमी पडतोय, घंटा उतरवा. म्हणजे फ्रेंचांची तोफ पुन्हा तोफ होऊन फ्रेंचांकडेच निघाली. मला हसूसुद्धा आलं नाही.

घंटा उतरवणारी माणसं यायच्या आदल्या दिवशी शेजारची टेक्ला आली. तिचा एकुलता एक लोरेन्झ व्हर्दनच्या लढाईत बेपत्ता झाला, तेव्हापासून ती रोज त्याची ताटली मांडायची आणि रिकामीच उचलायची. त्याच्यासाठी घंटा वाजव म्हणाली. मी तिला खडसावलं. मेल्याचं पत्र आल्याशिवाय घंटा होत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? आणि उद्या पोरगा जिवंत आला तर?

"आला तर आला," ती म्हणाली. "नाही आला तर मी त्याला घंटा कुठून आणू, ओटिली?"

मी तिला घेऊन पाद्रीबाबांकडे गेले. ते नियमाचे पक्के, नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाजव म्हणाले.

मी वाजवली. टेक्ला मनोऱ्याखाली उभी राहून ऊर बडवून रडली. घशातून आवाज फुटेनासा झाला तरी रडतच होती. मग घरी जाऊन तिने ताटली उचलली आणि लोरेन्झचा कोट सुताराच्या पोराला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी माणसांनी घंटा वरच घणाने फोडली आणि तुकडे खाली टाकले.

युद्ध हरलो. सम्राट पळाला. माझा नवरा एका पायाने परतला. आणि एका दुपारी, फ्रेंचांच्या कैदेतून सुटून, लोरेन्झ टेक्लाच्या फाटकात उभा राहिला.

मी त्याला हाताला धरून ओढतच आत नेलं. टेक्ला बटाटे सोलत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि त्याला सूप वाढलं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निळ्या काठाच्या खोलगट ताटलीत. मग पुन्हा सोलायला बसली.

"अगं, पोरगा आलाय तुझा," मी तिचा खांदा हलवला.

"ओळखलं ना मी त्याला," ती म्हणाली. "पण त्याची घंटा वाजली तेव्हाच माझं रडून झालं गं. आता आतून काही येतच नाही."

लोरेन्झने सूप संपवलं. चमचा ठेवला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मावशी, मग परत एकदा वाजव ना. मी आलो म्हणून."

मी खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिलं. दोर तेवढा लोंबत होता. वर काही नव्हतं.