दाखवलेली जागा

पाडवा झाला बाई, गाडी वळली माघारी
साखरा माझी बाळ, उभी असंल दारी...

हा गळा कावेरीबाईनं एकदाच ऐकला होता. पस्तीस वर्षं झाली असतील. लातुरातल्या एका उंच भिंतीच्या पलीकडून तो आला होता, उन्हानं सुकलेला, तरी आतून ओला. गाणारी कधीच उठून गेली, भिंतही पडली, पण गळा काही गेला नाही. भाकरी थापताना यायचा, नळावर घागर भरताना यायचा. कावेरीबाई मग भाकरी जोरात थापायची.

आज मात्र तो सकाळपासूनच आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता.

नांदेडातल्या तिच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत लगीनघाई उडाली होती. सून उज्वलानं शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, उंबऱ्यापुढं सडा टाकला.

"आत्याबाई, ते नवं लुगडं नेसा की. परदेशातून पाव्हणी येऊन राहिली आन तुम्ही हे विटकंच घालून बसता?"

खुर्ची देणारी शांतम्मा देगलूरकडची, जिभेनं तिखट. दारातूनच म्हणाली, "आता कावेरीबाईचा फोटू पेपरात येतो बघ. मंग आमाला वळख देत न्हाईस तू!"

कावेरीबाई हसली. उजवा हात तेवढा पदराखाली घेतला.

पाहुणी आली. गीतांजली तिचं नाव. सदतिशीची बाई, रंग इथल्याच काळ्या रानाचा, पण चालणं परमुलखाचं. हॉलंड देशातून आलेली. सोबत वर्षाराणी होती, नांदेडच्याच कॉलेजात शिकवणारी. अशी लहानपणी दत्तक म्हणून परदेशी गेलेली लेकरं आपली मुळं शोधत परत आली की ती त्यांना वाट दाखवायची, बोलणं समजावून द्यायची.

गीतांजली उंबऱ्यातच वाकली आणि पाठ करून आणलेले दोनच शब्द म्हणाली, "कावेरीआई, नमस्कार."

उज्वलाच्या डोळ्यांना पदर लागला. कावेरीबाई एक पाऊल मागं सरली.

मग फाईल उघडली. आत एक जुना कागद. लातूर बसस्थानकावर पाणपोईजवळच्या बाकड्यावर अंदाजे दीड वर्षाची मुलगी बेवारस आढळली, वारस कोणी नाही, असं त्यावर लिहिलेलं. खाली मूल आणून देणारीची सही: कावेरी.

ती सही तिनं ओळखली. तेव्हा ती लातूरच्या एका अनाथ लेकरांच्या संस्थेत आया होती, लेकरांना न्हाऊमाखू घालायची. संस्थेच्या बाईसाहेबांनी तिला पाटीवर चार महिने तीन अक्षरं गिरवायला लावली होती. आयुष्यातली पहिली सही तिनं ह्याच कागदावर केली. त्या दिवशी आता अंगठा नाही म्हणून केवढी मिरवत घरी गेली होती!

वर्षाराणी सांगू लागली, "मावशी, ती म्हणते, तिला मराठीत एकच शब्द लिहिता येतो. लहानपणी ह्या सहीवर कागद ठेवून गिरवायची. कागदावरची तारीख आली की त्यांच्या घरी दरवर्षी दिवा लावतात, तुमच्या नावानं. बाकड्यावरून तुम्ही उचललं नसतं तर ती जगलीच नसती, म्हणते."

गीतांजलीनं वहीच्या कोऱ्या पानावर लिहून दाखवलं. कावेरी. तसंच, थरथरतं. मग फोनमधला फोटो पुढं धरला. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली पोरगी.

"तिची मुलगी," वर्षाराणी म्हणाली. "तिचंही नाव कावेरी ठेवलंय."

"अगं माय!" उज्वला म्हणाली. "आत्याबाई, एवढं पुण्य करून ठिवलं आन घरात कधी बोलल्या बी न्हाईत?"

कावेरीबाईनं फोटोकडं पाहिलं. उज्वलानं चहा ठेवला तेव्हा वर्षाराणी हळू आवाजात बोलली, "तिच्या देशात चौकशी झाली, मावशी. त्या वेळचे लई कागद खोटे निघाले. मायबाप जिवंत असताना अनाथ म्हणून लेकरं पाठवलेली. तिच्याबरोबरीच्या कितीकांची झोप उडालीय. ही म्हणते, माझ्या कागदावर तरी एक खरं माणूस आहे."

खरं माणूस! कावेरीबाईनं पदराखालचा हात घट्ट आवळला.

बसस्थानकावर तिला कधी कुणी सापडलंच नव्हतं. ते पोर तिनं एका आईच्या कडेवरून घेतलं होतं. धोंडाबाई त्या आईचं नाव, देवणीकडच्या एका गावची. नवरा-बायको ऊसतोडीच्या टोळीत जायचे. आदल्या साली कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या त्या खोपट्यात, थंडीनं एक लेकरू गेलेलं. दुसरं तरी जगावं म्हणून एका हंगामापुरतं संस्थेत ठेवायला आणलं होतं. "पाडव्याला येते बाई. तवर हिला तुझ्या पोटाशी धर," असं म्हणून गेली. तिनं अंगठा लावला तो कसल्या कागदावर, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि कावेरीलाही नव्हतं.

बाईसाहेबांनी नंतर समजावलं होतं. "कोपीत मरू देतेस का विमानात बसवतेस? पोटभर खाईल, शिकेल. तूच सांग." कावेरीला ते पटलं होतं. आपण भलंच करतोय असं वाटलं होतं, आणि तेच तर आता नीट गिळवत नव्हतं.

चहा झाल्यावर गीतांजली काहीतरी बोलली. वर्षाराणीनं मराठीत सांगितलं, "ती विचारते, जागा दाखवाल का?"

कावेरीबाईचा पेला कलंडला. हाच सवाल तिला आधी एकदा झाला होता. लेकरू हगवणीनं गेलं म्हणून तिनं सांगितलं तेव्हा धोंडाबाई ना ओरडली, ना रडली. एवढंच म्हणाली, "जागा तरी दाव, बाई." आणि कावेरीनं संस्थेच्या मागं, बाभळीखालची कोरी माती दाखवली होती.

"चला," कावेरीबाई म्हणाली. नाही म्हणून सांगते कुणाला?

भाड्याच्या गाडीत ती खिडकीशी बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. गीतांजलीनं वाटेत तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, कुरवाळला, गालाला लावला. कावेरीबाई तो सोडवून घ्यायची, पोरगी परत धरायची. लेकरू बोट धरतं तसं. असंच होतं ते तेव्हाही. निजताना तिचं बोट मुठीत लागायचं.

लातूरचा स्टँड ओळखू येत नव्हता. पाणपोई गेली होती. तिच्या जागी रसवंती, चरकाला बांधलेले घुंगरू छुमछुम वाजत होते, उसाच्या चिपाडांचा ढीग पडलेला. कावेरीबाई थांबली. थांबायला कुठंतरी थांबावंच लागणार होतं.

"हितं," ती म्हणाली.

"ओ मावशी, रस घ्यायचा का?" रसवंतीवाला ओरडला. "न्हाई तर जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडून राहिलं."

गीतांजलीनं चपला काढल्या. पिशवीतून शेवंतीची ओंजळभर फुलं काढून त्या मळक्या फरशीवर ठेवली. मग गुडघे टेकले, दोन्ही तळवे पालथे जमिनीवर लावले आणि त्यांच्या मधोमध कपाळ टेकवलं.

लोक बघत थांबले. घुंगरू थांबले.

बाभळीखाली धोंडाबाई अशीच वाकली होती. असेच पालथे तळवे, उसाच्या पानांनी चिरलेले. कुणी शिकवलं हिला? परमुलखात कुणी शिकवलं असंल?

"उठ," कावेरीबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "उठ माय, हितं डोकं टेकू नगंस. हितं काईच न्हाई."

गीतांजलीनं मान वर केली.

"वर्षाराणी, सांग तिला. एक बी शब्द गाळू नगंस. म्हणावं, तू हितं सापडली न्हाईस. कुठंच सापडली न्हाईस. तुला कुणी टाकलंच नव्हतं. तुझी माय धोंडाबाई. देवणीच्या अंगाला गाव तिचं. हितून दोन तासांची वाट. हाय का गेली मला ठावं न्हाई, मी कधी विचारलं न्हाई. तुझं नाव साखरा. एका हंगामापुरतं ठिवलं होतं तुला. पाडवा झाल्याबरूबर ती न्यायला आली. मी म्हणलं, लेकरू मेलं. जागा दावली. ती बी खोटीच."

वर्षाराणी एकेक वाक्य सांगत गेली. गीतांजली तशीच गुडघ्यांवर होती. मग तिनं एवढंच विचारलं.

"ती विचारते," वर्षाराणी म्हणाली, "आई आली तेव्हा मी कुठं होते? विमानात बसले होते का?"

कावेरीबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला. सुरकुतलेला, नखं झिजलेली. तो तिच्यापुढं धरला.

"न्हाई माय. तुझा पासपोट यायचा होता. तू आतच होतीस. मी ते सांगायच्या आधी तिला फाटकात बसवलं होतं, तर तुला ऐकू जावं म्हणून भिंतीपल्याडून ती गाऊन राहिली. आवाज वळखलास तू. 'माय' म्हणलीस आन दुडूदुडू दाराकडं निघालीस. मी तुला उचललं, कोठीत नेलं, आन ह्या हातानं तुझं तोंड दाबून धरलं. तिचं गाणं सरस्तवर."