यावोर्येची एकुलती एक वाचक

आकडा मी खराच सांगितला होता. तेवढंच धरून गेले चार दिवस स्वतःची समजूत काढतोय, पण निघत नाही.

आमच्या वाचनालयाची पुस्तकांची बस डोंगरातल्या वस्त्यांवर जाते. चालवतो मीच आणि पुस्तकं देतो तीही मीच. सोमवारी आमच्या प्रमुख नेवेन्काबाईंनी मला समोर बसवलं. वरून विचारणा आली होती: बस जिथं थांबते तिथल्या माणसांना तिचा उपयोग काय, ते सांगा. सांगता येणार नाही तो थांबा बंद.

"यावोर्येला वाचक किती?" त्यांनी विचारलं.

"एकच. बारित्सा नावाची म्हातारी."

"बस गेली नाही तर तिथं कुणाचं काही अडेल?"

यावोर्येचा घाट जीवघेणा आहे हो. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधताना माझ्या कंबरेचा पार भुगा होतो. मी म्हणालो, "छे, कुणाचं काही अडणार नाही."

त्यांनी तो थांबा खोडला. मी कॉफी संपवली. मला मेल्याला ती छानसुद्धा लागली.

आणि मला सगळं ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात बर्फात बस अडकली तेव्हा बारित्सामावशीनंच मला घरी नेलं होतं. अख्खी वस्ती तिच्या स्वयंपाकघरात जमलेली. मधोमध घेवड्याच्या शेंगांचा ढीग, सगळे सोलतायत आणि मावशी मोठ्यानं पुस्तक वाचतेय. डोळे गेलेला यान्को चुलीजवळ बसला होता. "थांब गं, ते पुन्हा वाच, या बहिऱ्या मार्कोला ऐकू गेलं नसेल," तो म्हणाला. मार्को ओरडला, "मी बहिरा, पण घोरत होतास तू." मीही शेंगा सोलल्या, मक्याची उकड दोनदा मागून घेतली. वाचनालयाचं कार्ड मात्र एकट्या मावशीचं. तिथली रीतच तशी. कुठंही एकजण जातो आणि सगळ्यांचं घेऊन येतो, औषधाच्या गोळ्या असोत की पुस्तक. एक कार्ड असताना दुसरं कशाला काढायचं?

आज तिथली शेवटची फेरी. घाट चढून वळलो तर वस्तीतली सगळी माणसं रस्त्यावर उभी, चर्चला निघाल्यासारखी नटून. प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र.

मावशी पुढं आली. "विन्को, पोरा, चूक माझी आहे. बाईंचा फोन आला, म्हणाल्या वाचक एकच आहे. मी आपली एका कार्डावर सगळ्यांना वाचून दाखवत बसले. माझ्यापायी तुला तिथं मान खाली घालावी लागली असेल रे. आता सगळ्यांची कार्डं काढ."

"माझंही," यान्को म्हणाला. "आंधळ्याला देतात ना?"

मला लाज वाटली. इतकी, की त्याच्या हातातलं ओळखपत्र मला घेववेना.

"मावशी, चूक तुमची नाही," मी म्हणालो. "बाईंनी मला विचारलं होतं. कुणाचं काही अडणार नाही, असं मीच सांगितलं. घाट नको होता मला."

यान्कोनं पुढं केलेलं ओळखपत्र मागं घेतलं.

"काय म्हणतोय?" मार्कोनं विचारलं.

मावशी त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "म्हणतोय, आपलं काही अडणार नाही."

"हा आपल्याकडे जेवून गेला होता ना?"

"हो, हाच तो."

मी म्हणालो, "बाईंना आजच खरं काय ते सांगतो. यावोर्येचा थांबा परत मागतो."

"माग," मावशी म्हणाली. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. मध्ये खूण म्हणून वाळलेली शेंग होती, ती तिनं काढून खिशात टाकली. "हे घेऊन जा."

"अर्धंच झालंय ना? ठेवा की."

"तू नाही आलास तर परत कुणाकडे देऊ? दुसऱ्याची वस्तू आम्ही ठेवत नाही."

पुस्तक घ्यावं लागलं.

"विन्को," यान्को म्हणाला, "गोष्टीतली ती बाई शेवटी घरी परत येते का, तेवढं सांगून जा."

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं बसमधून वाहतोय नुसतं. "माहीत नाही, आजोबा," मी म्हणालो.

"बरोबर आहे. तुझं कुठं काय अडलंय," तो म्हणाला आणि मार्कोचा दंड धरून घराकडे वळला.