राहुकाळाच्या आत बसवलेला ब्रेक

शिवानंदच्या पिकअपचा पुढचा ब्रेक असा किंचाळायचा, की माकणीच्या धरणातले मासे तळ गाठायचे आणि मुरुमच्या बाजारातल्या म्हशी दावं तोडायच्या. मासे-म्हशींचं जाऊ द्या. पण त्याच गाडीतून आईला, पार्वतम्माला, आठवड्यातून दोनदा उमरग्याला डायलिसिसला न्यायचं असायचं. उद्या बुधवार, तिचा वार. मिस्त्री कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. म्हणून मंगळवारी दुपारी शिवानंदनं नवे पॅड आणले, मोबाइलवर व्हिडिओ लावून तो दगडाला टेकवला आणि अंगणातच जॅक चढवला.

वडील बंडप्पा बाजेवर पंचांग घेऊन बसले होते.

"शिवा, तिनाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत लिंबावरनं चाक गेलं पायजे."

"अप्पा, राहुकाळाला ब्रेकमधलं काय कळतं?"

"तुला तरी कुठं कळतंय? मोबाइलला इचारायलास!"

"तुमी गप बसा की," पार्वतम्मा हसली. "बोट चिमटंल त्येचं."

जुने पॅड निघाले तर त्यांवरचा मसाला पार झिजलेला. लोखंडावर लोखंड घासत होतं. नवे जाड, जागेवर बसेनात. तेव्हा व्हिडिओतल्या माणसासारखा शिवानंदनं क्लॅम्प लावून पॅडमागचा पिस्टन आत दाबला. मग बसले. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. चाकं चढली, जॅक उतरला, तोवर पावणेतीन झाले. व्हिडिओतला माणूस अजून बोलतच होता, "आता गाडी हलवायच्या आधी एक गोष्ट..."

बंडप्पांनी मोबाइल उचलून बंडीच्या खिशात टाकला. "ह्येचं पुराण राहुकाळातबी चालंल. बस गाडीत."

पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. त्यांच्या घरची रीत अशी, की गाडीनं लिंबू चिरडून घरच्या वडीलधाऱ्यापुढं थांबायचं आणि त्यानं तिथंच नारळ फोडायचा. बंडप्पा नारळ घेऊन उताराला उभे राहिले. पाठीशी गल्लीची दगडी भिंत.

पिस्टन आत दाबला, की ब्रेकवर दोन-तीनदा पाय मारून तो पुन्हा चाकाच्या डिस्कपाशी आणावा लागतो; तोवर ब्रेक लागत नाही. एवढंच सांगायचं त्या माणसाचं राहिलं होतं.

शिवानंदनं हँडब्रेक सोडला. लिंबं फुटली. त्यानं ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला, रिकाम्या पोत्यावर पडावा तसा.

"अप्पा, बाजूला व्हा!"

बंडप्पांना वाटलं, पोरगं मघाचा वचपा काढतंय. "ये की! भ्या दाखवतोस व्हय?"

दुसऱ्यांदा पाय दिला. पोकळच. तिसऱ्यांदा मात्र ब्रेक असा घट्ट लागला, की गाडी जागच्या जागी खिळली. तोवर भिंत आणि बंपर यांच्यामध्ये बंडप्पा होते.

तीनला आठ मिनिटं कमी होती.

शेजाऱ्यांनी त्यांना गाडीच्या मागच्या हौद्यात आडवं केलं. उमरग्यापर्यंत ब्रेक एकदाही किंचाळला नाही. डॉक्टरांनी मनगट धरलं, सोडलं, आणि "आणायला उशीर झाला" एवढं म्हणाले.

बुधवारी माती झाली. पार्वतम्माचा वार हुकला. गुरुवारी सकाळी तिचं तोंड सुजलं, धाप लागली. शिवानंदनं गाडी काढली आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"अव्वा, चल. न्हाय गेलीस तर..."

"म्हाईत हाय मला."

ती आली. उघड्या दाराकडं तिनं पाहिलंही नाही. औषधाची पिशवी हौद्यात ठेवली, शेजारच्या सखूबाईचा हात धरून वर चढली आणि परवा नवऱ्याचं डोकं जिथं होतं तिथं बसली.

"अव्वा, मागं लई हादरे बसतील. पुढं ये."

"तू गाडी चालीव," ती म्हणाली. "माझ्याशी बोलू नको."

शिवानंदनं पुढच्या रिकाम्या सीटचं दार लावून घेतलं.