कोकिळा मॅडमची शिट्टी

शिट्टी वाजली आणि रेणुका जागच्या जागी थांबली. तिचा हात पळणाऱ्या पोरीच्या पाठीवर चांगला थपकन पडला होता, आणि ती पोर बाद झाल्याच्या हिशेबाने मैदानाबाहेर निघालीसुद्धा होती. पण कोकिळा मॅडमने हात वर केला आणि मधल्या पट्टीकडे बोट दाखवलं. फाऊल. पाय पट्टीत पडला.

खो-खोमध्ये फाऊल झाला की पाठलाग करणारीला उलटं फिरावं लागतं. रेणुका उलटी फिरली, वाटेतल्या पोरीला तिने पाठीमागून खो दिला, तिने पुढचीला दिला, शेवटी तो सुवर्णाकडे गेला, आणि सुवर्णाने त्याच पळणाऱ्या पोरीला खांबाशी गाठलं. डाव संपला. रेणुका आणि सुवर्णा निवडीच्या चाचणीत तोवर बरोबरीत होत्या. संघातली बारावी जागा सुवर्णाची झाली.

रेणुकाने बाहेर येऊन चपला घातल्या, दप्तर उचललं आणि ती घराकडे चालू लागली. तिचं घर आणि कोकिळा मॅडमचं घर एकच. ती मॅडमची एकुलती एक पोर.

अमडापूरच्या पुढे, फाट्यावरून आत गेलं की हे गाव लागतं. गावात कोकिळा हिवाळे म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतील. शिट्टीवाल्या मॅडम म्हटलं तर दारापर्यंत आणून सोडतील. आईबापाने हौसेने नाव कोकिळा ठेवलं आणि गळा निघाला फाटक्या ढोलासारखा, म्हणून देवाने हातात शिट्टी दिली असेल, असं मॅडम स्वतःच सांगून हसायच्या. मात्र त्या शिट्टीला गावात वजन होतं. बाईंची शिट्टी वाजली की भांडण मिटलं. शेताच्या धुऱ्याबांधावरून तंटा झाला तरी, मॅडमले बोलवा बाप्पा, असं लोक गमतीने म्हणत.

हे वजन काही फुकट आलं नव्हतं. दहावीच्या पोरीने जिल्ह्याला किंवा त्याच्या वर जाऊन खेळलं की बोर्डाच्या निकालात क्रीडागुणांची आशा असते. त्यामुळे ज्या पोरींनी जन्मात धुळीत पाय घातला नाही, त्यांचे बापही पावसाळा लागला की खेळाची आस्थेने चौकशी करू लागतात. संघ बारा जणींचा, खेळतात नऊ. बाकीच्या तिघींनी बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले तरी प्रमाणपत्र मिळतंच. काही वर्षांमागे संस्थेचे सचिव उत्तमराव यांनी आपल्या नातीचं नाव असंच बाकापुरतं सुचवलं होतं. सुचवलं म्हणजे सांगितलंच. हेडमास्तर मान डोलावून मोकळे झाले होते. कोकिळा मात्र भर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली की सकाळच्या सरावाला येईल, चाचणीत टिकेल, तीच जाईल. चाचणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होईल. उत्तमराव लाल झाले, पण चारचौघांत काही बोलता येईना. तेव्हापासून तो नियमच पडला.

त्याच नियमाखाली यंदा तिची पोर आली. रेणुका आठवीपासून सरावाला येत होती. गणितात तिचं गाडं चिखलात रुतल्यासारखं रुतायचं, तेव्हा गुणांची गरज होतीच. पण तिला खरी भूक होती ती बुलढाण्याच्या मैदानावर उतरण्याची. दहावी म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ही शाळा नाही आणि हा संघही नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी शाळेचे क्लार्क शेखरभाऊ चहा पिता पिता म्हणाले होते, "मॅडम, यंदा क्रीडागुण घरातच म्हना की. कुंपनच शेतात उतरलं." त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, सवयीची थट्टा होती. सगळे हसले, कोकिळाही हसली. पण तो शब्द रात्रभर तिच्या अंगात काटा मोडल्यासारखा राहिला. रेणुका जिंकली तर उत्तमराव काय म्हणतील, गिरणीवर बाया काय म्हणतील. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असंच म्हणतील. शिट्टी आपोआप वाजली, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. पण शिट्टी काही आपोआप वाजत नाही, तिच्यात फुंकावं लागतं.

सगळ्या पोरी गेल्यावर ती पट्टीजवळ गेली. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ जशी सकाळी मारली होती तशीच होती, कुठे मोडलेली नाही. पाय पडला असता तर रेघ विस्कटली असती, रेणुकाच्या टाचेला पांढरं लागलं असतं. कोकिळेने इकडेतिकडे पाहिलं आणि चपलेच्या टोकाने रेघ पुसून टाकली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने असं काही केलं नव्हतं, आणि केलं तेही स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध.

संध्याकाळी तिचा नवरा रवी चिखलीच्या एसटी डेपोतून आला. त्याने डबा ठेवता ठेवता पोरीला विचारलं, काय झालं चाचणीचं.

"फाऊल झाला," रेणुका म्हणाली आणि पाण्याची घागर भरायला निघून गेली.

रवीने बायकोकडे पाहिलं. कोकिळा कांदा चिरत होती, तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाची आई सिंधूताई दारात आली. मजुरीवरून तशीच आली होती, ओच्यात ओल्या शेंगा होत्या. गावात सगळे म्हणत होते की मॅडम आपलीच पोर घेतील, आणि तिने स्वतःही तसंच धरून ठेवलं होतं, हे तिने सरळ सांगून टाकलं. मग शेंगा सुपात ओतत म्हणाली, "मॅडम, माह्या पोरीले आजलोक कोनं काई देल्लं नाई. तुमी देल्लं." कोकिळेला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बस म्हणाली, चहा कर म्हणून आत हाक मारली. रेणुकाने चहा करून आणला, सिंधूताईच्या हातात दिला आणि सुवर्णाच्या खेळाचं दोन शब्द कौतुकही केलं. खोटं नव्हतं ते, सुवर्णा खेळायचीच तशी.

सोमवारी प्रार्थनेनंतर हेडमास्तर भालचंद्र सर मंचावर आले. बुलढाण्याहून रोज बसने येणारा, सावध, भला माणूस. शाळेची नवी नियमावली तयार होत होती. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला स्नेहसंमेलनात आणि सहलीत जागा नाही, संघाची निवड उघड चाचणीतूनच होईल, विज्ञान मंडळाचा प्रमुख मतदानाने ठरेल, अशी बरीच कलमं त्यांनी वाचून दाखवली. मग चष्मा काढला. म्हणाले की नियम कागदावर कोणीही लिहील, पाळणारं माणूस लागतं. ज्यांनी पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही, त्या हिवाळे मॅडम या नियमावली समितीच्या अध्यक्ष राहतील.

साऱ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. शेखरभाऊंनी तर हात डोक्यावर नेऊन वाजवल्या. कोकिळेची नजर दहावीच्या रांगेवर गेली. रेणुका टाळ्या वाजवत होती. सगळ्यांसारख्याच, ना जास्त ना कमी.  तिला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचे तास कसे गेले ते तिला कळलं नाही.

मधल्या सुट्टीत ती सरांच्या खोलीत गेली आणि दार लोटून सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला.

"मॅडम, झालं ते झालं," ते म्हणाले. "आता तुम्ही हे बोललात तर उत्तमरावांना आयतंच सापडेल. पुढच्या वर्षी त्यांच्या सगळ्या नाती बाकावर येऊन बसतील. आणि तुम्ही केलं ते कोणाच्या फायद्यासाठी? नुकसान स्वतःचंच करून घेतलंत ना? याला कोणी लबाडी म्हणत नाही."

सरांचं बोलणं चुकीचं होतं असं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. पण खोलीबाहेर पडताना कोकिळेला कळलं की सरांचा एक हिशेब चुकला होता. नुकसान तिचं कुठे झालं? तिचं तर नाव झालं. नुकसान पोरीचं झालं, आणि त्या नुकसानीवर टाळ्या तिने घेतल्या.

रात्री रवी झोपला. रेणुका चुलीपाशी दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी लसूण सोलत होती. कोकिळा तिच्या शेजारी बसली.

"फाऊल नव्हता," ती म्हणाली.

"मले माहीत हाये." रेणुकाने मान वर केली नाही. "टाचेले फक्की नव्हती. म्या तवाच पाह्यलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती त लोक म्हनले असते, मायच्या जोरावर भांडून राह्यली."

म्हणजे आईने ज्या लोकांना भिऊन शिट्टी फुंकली, त्याच लोकांना भिऊन पोर गप्प बसली होती. कोकिळा म्हणाली की ती उद्या सगळ्यांसमोर सांगेल, नावं अजून तालुक्याला गेलेली नाहीत, सुवर्णाच्या जागी रेणुकाचं नाव टाकेल.

"नको," रेणुका म्हणाली. "तिनं काय केलं? तिनं तिचा गडी बराबर मारला. सिंधूमावशी शेंगा घेऊन आली व्हती."

"आन तुह्ये गुन?"

"करीन ना अभ्यास."

 कोकिळेला वाटलं होतं पोर रडेल, आदळआपट करेल, आणि मग तिला कुशीत घेता येईल. तसं काही होईना. सोललेल्या पाकळ्या रेणुकाने वाटीत टाकल्या, हात पुसला आणि मग पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिलं.

"पन तू पोरीयले सांग. सगळ्या पोरीयले. आठवीपासून खेळून राह्यली मी, पट्टीत कधी पाय टाकला नाई. आता त्या म्हनतात, रेणीनं घाईत पट्टी मारली. जागा नाई भेटली त चालते मले. हे नाई चालत."

"त्यायले सांगलं त माह्या शिट्टीले काय किंमत राह्यीन?" कोकिळा बोलून गेली, आणि बोलल्या बोलल्या तिला ते ऐकू आलं.

रेणुकाने वाटी झाकली आणि ती अंथरूण घालायला उठली.

सकाळी सरावाला बाराही जणी आल्या होत्या. रेणुकाही आली होती, पण मैदानात नाही. कुंपणाच्या तारेपाशी दप्तर पाठीवर घेऊन उभी होती, गणिताच्या जादा तासाला जाता जाता थांबल्यासारखी. कोकिळेने पोरींना अर्धगोलात बसवलं. एरवी तिला बोलायला शब्द शोधावे लागत नसत. आज शोधावे लागले.

"त्या दिवशी रेणुकाचा पाय पट्टीत पडला नव्हता," ती म्हणाली. "मी खोटी शिट्टी मारली. लोक काय म्हनतीन म्हनून मारली. ते पोरगी साफ खेळली व्हती."

 एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने खाली. सुवर्णा हळूच उठून उभी राहिली आणि ओढणीची गाठ सोडू लागली, जणू मैदानाबाहेर जायला निघाली होती. कोकिळेने तिला बस म्हणून खूण केली. म्हणाली, जागा तुझीच आहे, ही गोष्ट रेणुकानेच ठरवली आहे. सुवर्णा बसली, पण तिचे डोळे भरले होते. तारेपलीकडे रेणुकाने दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि ती शाळेकडे निघून गेली. पाठ ताठ ठेवून गेली.

मग सराव सुरू झाला. आठ जणी पट्टीत आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसल्या, एक पाठलागाला उभी राहिली, तिघी पळायला उतरल्या. सुरुवातीला पोरी जरा दबून खेळत होत्या, पण खेळ हा खेळ असतो, थोड्या वेळात त्या रंगात आल्या. खांबाशी बसणारी एक दांडगी पोर खो मिळताच उसळून उठली आणि पहिल्याच पावलाला तिचा पाय पट्टीत गेला. कोकिळेने शिट्टी वाजवली.

ती पोर उलटी फिरली नाही. थांबली, आणि तिने खाली पाहिलं. बसलेल्या पोरींनी माना वळवल्या. पळणाऱ्या तिघीही जागेवर थबकून वाकून बघू लागल्या. सगळ्या जणी फक्कीच्या रेघेकडे बघत होत्या, आणि रेघ तिथे खरंच मोडलेली होती.

कोकिळेने घाई केली नाही. साऱ्यांचं बघून होऊ दिलं, आणि मग हात वर केला.