चुकीच्या बाजूची गवळण

हॉलंडचा आत्मा गायीत वसतो, असं हारलेममधला प्रत्येक चित्रकार गंभीर चेहऱ्यानं सांगतो. शेणात पाय पडला की तोच आत्म्याला शिव्या घालतो.

आमचा वेसेल त्यातलाच. त्याची चित्रं मी छापून देतो. तांब्याच्या पत्र्यांवर त्यानं आठ गायी कोरल्या होत्या; स्वतःच्या नावानं निघणारा पहिलाच संच. ॲम्स्टरडॅमचे प्रकाशक सीवर्ट्स दुपारच्या नावेनं बघायला येणार होते. ते नको म्हणाले, तर वेसेलला पुन्हा दुसऱ्यांच्या चित्रांत झाडं भरत बसावं लागणार होतं.

सकाळी मी आठव्या पत्र्याचा छाप काढला; त्यात गायीपाशी धार काढणारी गवळण होती. वेसेलची बायको बार्ता, गवळ्याची लेक, चीज कापता कापता वाकली.

"अहो, ही बया डावीकडून धार काढतेय."

"काहीतरीच! कुरणात बसून काढलंय मी चित्र. उजवीकडेच बसली होती ती."

"आणि पत्र्यावर?"

"पत्र्यावर पण उज..."

त्यानं पत्रा उचलून छापाशेजारी धरला. छापात सगळं उलटतं, हे त्यानं मलाच शंभरदा ऐकवलं होतं. स्वतःची सही तेवढी आठवणीनं उलटी कोरली होती. ती छान सुलट आली होती.

"गायीला उजवीकडचीच सवय असते. डावीकडून बसली तर आमची गाय हिला बादलीसकट कालव्यात धाडेल," बार्ता म्हणाली.

"शहरातल्या माणसाला काय कळतंय?" मी म्हटलं.

"सीवर्ट्सचा बाप गवळी आहे रे!" वेसेल म्हणाला. नवा पत्रा कोरायचा तर आठवडा हवा.

"मग बयेलाच घालवा," बार्ता म्हणाली.

दुपारपर्यंत वेसेलनं गवळण, तिचं स्टूल, बादली, सगळं खरवडलं. पत्रा मागून ठोकून सपाट केला. मी पुन्हा छाप काढला. गाय एकटी उभी होती. पोटाजवळ पुसट डाग राहिला होता.

सीवर्ट्सनी नेमकं तेच चित्र खिडकीपाशी नेलं. पोटाजवळच्या डागावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"धुकं," बार्ता म्हणाली.

"वा! आणि माणूस एकही नाही, हे बरं केलंत. मागच्या महिन्यात एका शहाण्यानं गवळण डावीकडे बसवून पाठवली. वडिलांना दाखवली, तर म्हातारा हसून हसून खोकायला लागला. छापा हे."

ते गेल्यावर वेसेल इतका हसला की बार्तानं त्याच्या हातातला बिअरचा पेला काढून घेतला. मग मलाही हसू आवरेना.

पहिल्या वर्षी अकरा संच खपले. त्यातले नऊ भिंतीला लावायच्या फरश्या करणाऱ्या एका कारखान्यानं नमुन्यासाठी नेले. फरश्यांवरच्या त्या गायी आता स्वयंपाकघरांतून, भिंतीच्या तळाशी, केरसुणीच्या उंचीवर बसवलेल्या आहेत.